नैवेद्याची कोंबडी

पाओचूनं नळ टाकीतल्या पाण्यात बुडवला, पायानं पट्टी दाबून त्यात हवा सोडली आणि पाण्याकडे बघत राहिली. बुडबुडा आला नाही, म्हणजे नळ चांगला. नळ बाहेर काढून तिनं फडक्यानं पुसला, उजवीकडच्या निळ्या खोक्यात ठेवला आणि पुढचा उचलला. हे सगळं चालू असताना ती शेजारी उभ्या वेनपिनशी बोलत होती, पण तिनं त्याच्याकडे एकदाही मान वळवली नव्हती.

"एवढंच सांगा, साहेब. राहू का जाऊ?"

लुकांग गावातल्या त्या नळाच्या कारखान्यात शी वेनपिन तपासणी विभागाचा प्रमुख होता. त्याच्या हाताखाली पाच कायम कामगार आणि चार कंत्राटी. पाओचू कंत्राटी, पण टाकीवर चार वर्षं काढलेली. पलीकडच्या गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळत होतं, नवीन वर्षाच्या सहा तारखेपासून. मात्र होय की नाही ते आज दुपारी दोनपर्यंत कळवायचं होतं. कारखाना ठेवून घेणार असेल तर तिला इथून हलायचं नव्हतं. काढणार असेल, तर तिकडचं काम हातचं जायला नको, इतकं साधं तिचं म्हणणं.

"एकदम असा विचार नका करू, पाओचू ताई," वेनपिन म्हणाला. "बघू. नवीन वर्ष तर येऊ दे."

"नवीन वर्ष दोन आठवड्यांवर आहे. दोन वाजायला चारच तास आहेत."

"बघू," तो पुन्हा म्हणाला आणि पुढच्या टाकीकडे सरकला.

हा माणूस वाईट होता असं कुणीच म्हटलं नसतं. आवाज चढवायचा नाही. थंडीत स्वतःच्या थर्मासमधलं आल्याचं पाणी सगळ्यांना पाजायचा, आणि कुणाच्या पोराची परीक्षा कधी हे त्याच्या लक्षात असायचं. फक्त समोरच्याला नाराज करणारं काही बोलायची वेळ आली की त्याच्या तोंडून 'बघू' निघायचं. पाओचूला कायम करून घेण्याबद्दलही तो पहिल्या वर्षी 'बघू' म्हणाला होता. दुसऱ्या वर्षीही म्हणाला, तिसऱ्या वर्षीही म्हणाला. आणि ती बिचारी त्या एका शब्दावर थांबली होती.

दोन आठवड्यांपूर्वी व्यवस्थापक त्साईनं त्याला आत बोलावून सांगितलं होतं की चार कंत्राट्यांपैकी एक कमी करायचा आहे. नाव सोमवारपर्यंत द्यायचं आणि सुट्टी लागेपर्यंत कुठे अक्षर काढायचं नाही, नाहीतर हात ढिले पडतात. वेनपिननं अक्षर काढलं नाही. आपण हे किती छान लपवलंय असंच त्याला वाटत होतं. इतरांना मात्र दिसत होतं की साहेब आता आपल्याबरोबर डबा खात नाहीत, तासातून तीनदा मागे येऊन उभे राहतात आणि काही विचारलं की छताकडे बघतात. त्या दोन आठवड्यांत नाकारलेल्या नळांची लाल खोकी दुपटीनं भरायला लागली. बुडबुडा नसला तरी कंत्राटी बायका भीतीपोटी नळ लाल खोक्यात टाकायच्या. चुकीचा एक नळ पास झाला आणि तेवढंच निमित्त झालं तर काय घ्या. मग ते सगळे नळ पुन्हा तपासायचं काम कायम कामगारांच्या गळ्यात पडायचं, आणि ते चरफडायचे. सगळा विभाग धुसफुसत होता आणि वेनपिन थंडीला दोष देत होता.

नाव त्यानं ठरवलं होतं. लीह्वा. आठ महिन्यांपूर्वी लागलेली, हात सगळ्यात हळू. एकतीस वर्षांची, नवरा सोडून गेलेला, मुलगी पहिलीत. कागदावर नाव लिहून त्यानं तो खणात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून तो लीह्वाला रोज दोन संत्री आणून द्यायला लागला. ही संत्री सगळ्यांनी पाहिली होती.

आता पाओचूच्या प्रश्नानं त्याच्यापुढे वेगळीच वाट उघडली. पाओचू आपणहून गेली तर लीह्वाचं नाव द्यायलाच नको. एक जण कमी झाला की त्साईचं काम झालं. त्यासाठी त्याला खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, नुसतं दोन वाजेपर्यंत गप्प बसायचं होतं. पाओचू घाबरून तिकडे होकार कळवेल आणि सगळं बिनबोभाट पार पडेल. गप्प बसण्यात तर तो तरबेजच होता.

साडेअकराला यंत्रं बंद झाली. वर्षअखेरची मालकाची जेवणावळ यंदा दुपारीच ठेवली होती. आवारात मांडव घातला होता, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यानं त्याचं कापड सारखं फडफडत होतं. कडेला आचाऱ्याच्या शेगड्या धडधडत होत्या. दहा-दहा माणसांची गोल टेबलं, प्रत्येकावर मधोमध फिरती काच, म्हणजे बसल्या जागेवरून हवा तो पदार्थ आपल्याकडे फिरवून घेता येतो. तपासणी विभागाचं सातवं टेबल. पाच कायमवाले एका बाजूला बसले, चार कंत्राटी दुसऱ्या बाजूला. तसं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. वेनपिन मधल्या खुर्चीवर. कायमवाल्यांच्या वाटीखाली सोडतीचं लाल तिकीट होतं. कंत्राट्यांना सोडत नव्हती, बिस्किटांचा एकेक डबा होता.

कोळंबी आली, मासा आला, खेकडा घातलेला चिकट भात आला. पाठोपाठ उकडलेली कोंबडी आली आणि सातवं टेबल गप्प झालं.

कोंबडी कापलेली होती, पण तिचं डोकं नीट पुढे मांडलेलं होतं. हल्ली कुठल्याही मालकाच्या जेवणावळीत डोक्याची कोंबडी वाढत नाहीत. मालकाच्या वडिलांच्या काळी ताट ठेवताना चोच ज्याच्याकडे वळवली जायची त्यानं काय ते समजून घ्यायचं आणि नव्या वर्षी कामावर यायचं नाही. म्हातारा गेल्यावर मालकीणबाईंनी आचाऱ्याला सक्त ताकीद देऊन ठेवली होती की डोकी बाहेरच काढायची. पण आज एक कोंबडी कमी पडली आणि आचाऱ्याच्या बायकोनं सकाळी भूमिदेवाला नैवेद्य दाखवलेली कोंबडी उचलून कापली. देवाला बिनडोक्याची चालत नाही. ती नेमकी सातव्या टेबलावर आली.

चोच मासा आणि भात यांच्यामधल्या फटीकडे होती, कुणाकडेच नाही.

"आचाऱ्यानं दावा साधला," म्हातारे चिन्श्वेई काका पुटपुटले. कायमवाल्यांत ते सगळ्यात जुने. वेनपिनला काम त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी कोथिंबिरीची एक काडी उचलून चोचीवर ठेवली. ती वाऱ्यानं उडाली.

त्यानंतर काच फिरवायला कुणी धजेना. फिरवली की चोच कुणाच्या तरी समोर येणार. कोळंबी कायमवाल्यांपुढे अडकली, भात कंत्राट्यांपुढे. जो तो आपल्या समोरचंच खात होता. चिन्श्वेई काकांनी एकामागून एक सहा कोळंब्या खाल्ल्या आणि भाताकडे बघत बसले. बाकीच्या टेबलांवर हसणं-खिदळणं चालू होतं, मंचावर सोडतीचे आकडे पुकारत होते. वेनपिननं घड्याळ पाहिलं. दोनला वीस मिनिटं कमी होती. वीस मिनिटं तोंड मिटून काढली की झालं.

पाओचूनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. तिनं काचेच्या कडेला बोट लावलं आणि हळूहळू काच फिरवली. मासा गेला, भात गेला. चोच बरोबर तिच्यासमोर आली तेव्हा तिनं बोट काढून घेतलं आणि वेनपिनकडे पाहिलं. सकाळी एकदाही पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं. नजरेत सकाळचाच प्रश्न होता.

वेनपिनची नजर खाली गेली ती तिच्या बोटांवर. चार वर्षं पाण्यात राहून त्यांची टोकं पांढुरकी, सुरकुतलेली झाली होती. आपण मान जरी खाली घातली तरी तिला उत्तर मिळेल, हे त्याला कळत होतं. खोटं उत्तर, पण सगळ्यांच्या सोयीचं. लीह्वाची मुलगीसुद्धा त्यातून सुखरूप सुटत होती. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की कान तापले.

त्यानं हात पुढे करून काच ढकलली. चोच पाओचूपासून सरकली. लीह्वासमोरून जाताना तिनं वाटी दोन्ही हातांनी गच्च धरलेली त्याला दिसली. तो थांबला नाही. दुसऱ्या दोघींसमोरून, मग कायमवाल्यांसमोरून काच फिरत फिरत आली आणि चोच त्याच्या स्वतःच्या पोटाकडे झाली, तेव्हा त्यानं ती थांबवली.

"घ्या! साहेबच निघाले," चिन्श्वेई काका म्हणाले. टेबल हसलं. कुणालाच काढायचं नसेल तर मालकानं किंवा साहेबानं चोच आपल्याकडे वळवून घ्यायची, अशीही जुनी रीत होती, सगळ्यांचा मान राखायची. पाओचू तेवढी हसली नाही.

"ताई, तुम्ही नाही," वेनपिन म्हणाला.

हसू थांबलं.

"एक जण कमी होणार आहे. तुम्हा चौघींतलं एक. सोमवारी मला नाव द्यायचंय. मला हे कळून दोन आठवडे झाले. पण तुम्ही नाही."

लीह्वानं वाटी खाली ठेवली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही, आणि इतर सगळ्यांनीही तिच्याकडे न पाहण्याची फार काळजी घेतली. त्या संत्र्यांचा अर्थ सगळ्यांनाच लागलेला होता.

पाओचूनं मान डोलावली, खिशातला मोबाइल काढला आणि भांडी घासणाऱ्या बायका बसल्या होत्या तिकडे मांडवाबाहेर गेली. वाऱ्यामुळे तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं, पण इकडे शब्द पोचत नव्हते. मंचावर कुणाला तरी कपडे धुण्याचं यंत्र लागलं. पाच मिनिटांनी ती परत येऊन खुर्चीवर बसली.

"सहा तारखेपासून जाते. साडेसहाला हजर राहायचंय, भाज्या चिरायला."

"पण मी सांगितलं ना, तुम्ही नाही म्हणून," वेनपिन म्हणाला. त्याच्या आवाजात काकुळती होती. टाकीवर तिच्या तोडीचं दुसरं कुणी नव्हतं, हेही तो तिला चार वर्षांत कधी बोलला नव्हता.

"ऐकलं की. सकाळी राहायचंच मनात होतं, पण आता एक जण जाणारच आहे. काढताय असं कळलं असतं तर हट्टानं बसून राहिले असते, बघू कसं काढतात ते." तिनं चॉपस्टिक उचलल्या. "शाळेतल्या बाईनं पहिल्याच भेटीत दहा मिनिटांत सांगितलं, या म्हणून. तुम्हाला एक सरळ वाक्य बोलायला चार वर्षं लागली, साहेब. बोललात ते बरं केलंत. आता मला राग न ठेवता जाता येईल."

वेनपिनचा जीव भांड्यात पडला होता, आणि तो पडला याचंच त्याला वाईट वाटत होतं. लीह्वा वाटीत आसवं गाळायला लागली होती.

"रडतेस काय?" पाओचू तिला म्हणाली. "काच फिरव. काकांनी सगळी कोळंबी संपवायच्या आत इकडे येऊ दे."

लीह्वानं काच फिरवली. चोच सगळ्यांसमोरून गेली, दोनदा गेली, आणि कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. चिन्श्वेई काकांना अखेर भात मिळाला.

त्साईच्या कानावर हे संध्याकाळच्या आतच गेलं. सोमवारी त्यानं वेनपिनला आत बोलावून दार लावून झापलं, आणि यंदाचा तुमचा शेरा एक पायरी खाली येईल असंही सुनावलं. वेनपिननं ऐकून घेतलं. बाहेर येऊन खणातला कागद काढला, बारीक फाडला आणि टाक्यांकडे गेला.

पाओचू आपल्या जागेवर होती, सुट्टीपर्यंतचे दिवस तिला भरायचे होते. शेजारच्या टाकीवर लीह्वा. वेनपिन तिच्या मागे उभा राहिला नाही, समोर जाऊन उभा राहिला. लीह्वानं नळ पाण्यात धरला होता.

"साहेब, एक विचारू? पुढच्या वर्षी मला कायम करून घ्याल का?"

नेहमीचा शब्द जिभेवर आलेला त्याला जाणवला. शेजारी पाओचूचा हात नळ पुसता पुसता थांबला होता.

"नाही," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी नाही होणार. त्याच्या पुढचं माझ्या हातात नाही. वर्षभर काम आहे, एवढं नक्की."

"बरं," लीह्वा म्हणाली.

तिनं पायानं पट्टी दाबली. हवा आत गेली, पाणी स्थिर राहिलं. नळ बाहेर काढून तिनं पुसला. सवयीनं तिचा हात लाल खोक्याकडे निघाला, मधेच थांबला, आणि नळ तिनं निळ्या खोक्यात ठेवला.