इज्जामावशीची पाच मिनिटांची विचारपूस

मी तिलिलाबाईंचा रेकॉर्डर बोलतोय. मुठीत मावेन एवढासा. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, आज माझंही थोडं ऐका.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. अगादीर शहराच्या बाजारात दुकानाच्या काचेआड होतो, तिथून बाईंनी मला उचललं. त्या विद्यापीठात अमाझिग, म्हणजे इथल्या डोंगरातल्या गावांची भाषा शिकवतात. संगणकावर ऐकून शिकता येतील असे बारा पाठ त्यांना करायचे होते. विद्यापीठाच्या समितीला ते पसंत पडले तर बाईंचा वर्ग चालू राहणार, नाहीतर पुढच्या वर्षीपासून बंद. बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

पाठांना आवाज हवा, म्हणून बाई मला घेऊन डोंगरातल्या गावी मावशीकडे गेल्या. इज्जामावशीने आधी गरम भाकरी आणि बदामाचं वाटण पुढे केलं, मग माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"हा काय खातो गं?"

"बॅटरी खातो, मावशी! तू फक्त बोल. कुणी भेटलं की काय विचारतेस ते विचार. प्रत्येक प्रश्नानंतर जरा थांब, तिथे मुलं उत्तर देतील."

मावशी सुरू झाली. बरं आहे ना सगळं? मुलं? आई कशी आहे? शेळ्या? विहिरीला पाणी? शेजारीण उठून बसली का? आणि आई खरंच बरी आहे ना? पाच मिनिटं झाली तरी ही आपली विचारतेच आहे! मला भारी मजा आली.

पण समितीचा नियम होता, पाठ एका मिनिटाचा. बाईंनी जड मनाने कात्री लावली. उरलं काय, तर 'बरं आहे ना सगळं? बरं आहे. येते.'

वर्गातली दामिया घरी अरबीच बोलायची. तिने तेवढं पाठ केलं आणि हौसेने गावी आजीला फोनवर म्हणून दाखवलं. पलीकडे आजीने हंबरडाच फोडला. "कोण गेलं गं? सांग ना, कोण गेलं?" आमच्याकडे एवढं तुटक कुणी बोलत नाही, घरात काही वाईट घडलं तरच. आजीला समजावता समजावता पोरीच्या नाकी नऊ आले.

बाईंनी कपाळावर हात मारला. समितीसमोर त्यांनी पाच मिनिटांचा अख्खा पाठ ठेवला.

"पाच मिनिटं?" समितीचे प्रमुख बिही सर आठ्या घालून म्हणाले. "कोण ऐकणार, बाई?"

"एकदा ऐका तर, सर."

"बरं आहे ना सगळं?" मावशीचा आवाज आला.

"बरं आहे," सर सवयीने बोलून गेले. सगळे हसले.

"मुलं?"

"मजेत."

"आई कशी आहे?"

सरांनी खिशातला फोन चाचपला. मावशी थांबलेली. पुढचा प्रश्न आला, त्याच्या पुढचा आला. सर उठून बाहेर गेले. दाराआडून त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "आई, मी बोलतोय... नाही गं, कोणी गेलं नाही. सहज केला."

आत आले तेव्हा डोळे ओले होते. "एक शब्दही कापू नका," एवढंच म्हणाले. वर्ग वाचला!

आज ते पाठ शेकडो मुलं ऐकतात. माझी बॅटरी आता टिकत नाही, बटण अडकतं. बाईंच्या टेबलाच्या खणात पडून असतो. मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. फार आठवण येते तिची.

बाई, एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक नाही. त्या दिवशी गावी मावशीचं बोलून संपल्यावर तुम्ही चहा आणायला उठलात, मी चालूच होतो. मावशी माझ्यावर वाकून हळूच म्हणाली, "आणि तू रे बाळा? दमलास का?" आणि उत्तरासाठी थांबली. मला कुठलं बोलता येतंय! मला टाकून देण्याआधी तेवढं एकदा लावा, बाई. आणि ती थांबेल ना, तेव्हा माझ्या वतीने सांगा, नाही दमलो, मावशी.