हनुवटीवरचा तीळ

औरंगपुऱ्यातल्या मंदारच्या स्टुडिओत पंखा होता, पण फोटो काढताना तो बंद करावा लागे. नाहीतर पदर उडे. त्या बंद पंख्याखाली दोन स्टुलांवर तात्यासाहेब आणि मालनबाई बसले होते. मधे हातभर मोकळी जागा.

"काका, थोडं जवळ सरका," कॅमेऱ्यामागून मंदार म्हणाला. "पेन्शनचा फोटो आहे. दोघं एका चौकटीत बसायला पाहिजेत."

"सरक की," तात्यासाहेब बायकोला म्हणाले.

"मी हितंच हाय. पस्तीस वर्सं हितंच हाय. सरकायचं तुम्हीच."

तात्यासाहेब सरकले.

ते पॅसेंजर गाडीचे गार्ड. अलीकडं कागदावर ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण डबा तोच, शेवटचा, आणि त्यामागचा तांबडा दिवाही तोच. या महिनाअखेरीस ते निवृत्त होत होते. ड्युटीचं ठाणं पूर्णा. बिऱ्हाड मात्र गोकुळच्या, म्हणजे मुलाच्या शाळेसाठी संभाजीनगरला केलं ते तसंच राहिलं. आधी स्टेशनामागच्या खोलीत, आता गोकुळनं बजाजनगरात घेतलेल्या घरात. ते सुटीला यायचे. सुटी मिळाली तर. आठ तासांची ड्युटी बारावर जायची, पुढचा गार्ड आला नाही की आणखी लांबायची, आणि मग परगावच्या रनिंग रूमवर खाटेला पाठ लावली न लावली तोच पुढच्या गाडीचं बोलावणं. किलोमीटरमागं भत्ता मिळायचा, तो घरी पोचायचा. माणूस मागनं.

मंदारनं फोटो घेतला, पंखा लावला आणि दोघांचे चेहरे संगणकाच्या पडद्यावर मोठे केले.

"काकू, चेहऱ्यावरचे डाग पुसट करू का?"

"डाग काढ," तात्यासाहेब म्हणाले, "पण हनुवटीवरचा तीळ राहू दे. तो फॉर्मात लिहिलाय."

"कुठला तीळ?"

"हा काय, इथं." तात्यासाहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं. बोट उचललं. खाली काहीच नव्हतं. मंदारनं हनुवटी आणखी मोठी केली. पडदाभर नुसती हनुवटी, पेरणीआधीच्या वावरासारखी.

तात्यासाहेबांनी पडद्याकडं बघितलं, मग शेजारच्या बाईकडं, मग पुन्हा पडद्याकडं.

"तीळ कुठं गेला?"

"कुणाचा?" मालनबाई म्हणाल्या.

"तुझा."

"मला कवा व्हता?"

त्यांनी पिशवीतला फॉर्म काढला. पत्नीच्या ओळखीच्या दोन खुणा, असं छापलेलं. पहिल्या ओळीवर त्यांच्याच अक्षरात, न अडखळता लिहिलेलं: हनुवटीवर डाव्या बाजूस तीळ. दुसरी ओळ कोरी. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन पूर्णेच्या कचेरीत हे कागद द्यायचे होते. आपल्या माघारी बँकेतला माणूस हा फोटो आणि या खुणा बघून हिला पेन्शन देणार, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. तीळ मात्र रोज बघितलेला. रोज. मग तो होता कुणाचा?

त्यांनी खिशातली डायरी उघडली. तिच्यात नखाएवढा एक चेहरा होता, लग्नातल्या जोडीच्या फोटोतून कापून घेतलेला. तो गार्डाच्या लोखंडी पेटीत, झाकणाच्या आत चिकटवलेला असायचा. झेंडे, धोक्याच्या इशाऱ्याचे फटाके, शिट्टी काढताना रोज दिसायचा. पेटी जाऊन चाकाची बॅग आली, तेव्हा त्यांनी तो हलक्या हातानं सोलून घेतला होता.

"हा बघ. आहे की नाही?"

मालनबाईंनी फोटो उजेडात धरला. अंगठ्यानं पुसला. मग शांतपणे म्हणाल्या, "गंज हाय हा. पेटीचा."

तात्यासाहेबांनी फोटो परत घेऊन तो ठिपका नखानं खरवडून बघितला.

"जोडीचा एकुलता एक फोटो, त्यालाबी कात्री लावली. आन् वर गंजाला बायकू समजून बसले."

मंदारला हसू आवरेना. "काका, कशाला गोंधळ? मी टाकून देतो तीळ. एक मिनिटाचं काम."

तात्यासाहेबांना ते क्षणभर पटलं. फॉर्मही बरोबर, फोटोही बरोबर. त्यांनी मान हलवलीही.

"टाका," मालनबाई म्हणाल्या. "मंग तुमच्या माघारी बँकेतला सायब माझ्या हनुवटीवर तीळ हुडकंल. सापडला नाय तर म्हणंल, ही बाई दुसरीच हाय. मी कुणाला सांगू, गंज व्हता म्हून?"

कचेरीतल्या कारकुनानं दोन फॉर्म दिले होते. एक चुकवायला, एक द्यायला, असं म्हणाला होता. तात्यासाहेबांनी दुसरा काढला.

"मग सांग. काय लिहू?"

"मी नाय सांगत. बघा तुम्हीच."

बघणं हीच त्यांची नोकरी. वळणावर वाकून गाडीचं अंग बघायचं, कुठल्या चाकातून धूर येतो ते बघायचं, सिग्नल बघायचा. पण इतक्या जवळचं काही बघायची सवय नव्हती. डोळे कुठं ठेवावेत ते कळेना. मालनबाईही खाली बघत बसल्या, आणि ओठांतल्या ओठांत जुनी ओवी घोळू लागली. स्टेशनामागच्या खोलीच्या दारातून गोकुळला कडेवर घेऊन त्या म्हणायच्या ती.

गेली गेली आगगाडी, मागं तांबडा ग दिवा
त्याच्या उजेडात माझा धनी डोळ्यांला दिसावा

"ही भुवई तुटलेली आहे," तात्यासाहेब म्हणाले. "कधीची?"

"गोकुळ तापानं फणफणला व्हता. लाईट गेल्ती. रिक्षा बघाया पळाले तर चौकट लागली."

"मी कुठं होतो?"

"गाडीवर."

त्यांनी लिहिलं. मग मनगट दिसलं, भाजल्याचा गुळगुळीत चट्टा.

"हे?"

"गोकुळच्या लग्नातलं. बुंदीच्या कढईचं."

"लग्नात मी होतो की."

"व्हता. अक्षदा पडल्यावर आला."

त्या दिवशी बदली गार्ड आलाच नव्हता. हे सांगावं असं त्यांना वाटलं, पण तिला ते माहीत होतं. त्यांनी दुसरी ओळ भरली. मग त्यांना तिची वाकडी करंगळी दिसली, कानाची ओघळलेली पाळी दिसली, आणि आपण लिहिलं ते बरोबर की हे, असा नवाच घोळ झाला. पेन हवेतच राहिलं.

"दोनच मागितल्यात ना? मंग बास. बाकीच्या घरी ऱ्हाऊ द्या."

"काका, तुमच्या स्वतःच्या खुणा?" मंदारनं आठवण केली. "ती जागा कोरीच आहे."

तात्यासाहेब विचारात पडले. मालनबाईंनी वरही बघितलं नाही. "लिवा. उजव्या कानामागं आवाळू. डाव्या नडगीवर पेटी पडल्याचा वण."

ते लिहीत गेले.

"किती प्रती काढू?" मंदारनं विचारलं.

"कचेरीत तीन लागतात."

"चार काढ बाबा," मालनबाई म्हणाल्या. "एक घरात लावते. हे आता रोज घरी ऱ्हानार म्हनं. सकाळी दारात कोन गडी उभा हाय, ते ताडून बघाया लागंल."

ती थट्टा करते आहे की खरंच म्हणते आहे, ते तात्यासाहेबांना उमजेना. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. भुवई जराशी वर गेली होती, तुटलेली तीच. त्याचा अर्थ काय, हे विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मंदारनं चार प्रती छापलेला कागद कात्रीसह पुढं केला, तशी मालनबाईंनी कात्री आधी आपल्या हातात घेतली.