दोन्ही विधानं खरी धरा

आप्पाला बस चालवायला लागून एकवीस वर्षं झाली होती आणि आता त्याच्या पाठीने संप पुकारला होता. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "फार तर दोन वर्षं. मग सीट सोडा." सीट सोडून डेपोतच राहायचं तर वाहतूक निरीक्षकाची खात्याची परीक्षा, एवढीच वाट होती. तिच्यात तो दोनदा आपटला होता. वयाच्या अटीमुळे ही तिसरी खेप शेवटची.

दोन्ही वेळा घात केला तर्कशक्तीच्या पेपराने, त्यातही एकाच जातीच्या प्रश्नांनी. एकमेकांशी न जुळणारी दोन विधानं द्यायची आणि विचारायचं, कोणत्या पर्यायाने ही विसंगती दूर होते?

शेवटी अभिमान गिळून तो थोरल्या बहिणीकडे गेला. ताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. ड्युटी सुटली की रोज तासभर तिच्या जेवणाच्या टेबलाशी शिकवणी सुरू झाली.

"वाच," ताई म्हणाली.

"शहरात डासांच्या औषधाची फवारणी दुप्पट झाली. तरी तापाचे नोंदलेले रुग्ण वाढले." आप्पाने पर्यायांवरून नजर फिरवली. "ड. फवारणीचे आकडे फुगवलेले आहेत. यात विचार काय करायचा?"

"चूक."

"चूक कशी? फवारणीची गाडी आमच्याच डेपोत उभी असते. हलत नाही ती!"

"तुझ्या डेपोबद्दल कोणी विचारलंय? फवारणी दुप्पट झाली म्हटलंय ना, मग झाली. रुग्ण वाढले म्हटलंय, मग वाढले. दोन्ही विधानं खरी धरायची. एकाला खोटं पाडलंस की प्रश्नच मेला. दोन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतील, ते सांगणारी तिसरी गोष्ट शोध."

उत्तर होतं ब: त्याच महिन्यात मोफत दवाखाना उघडला आणि आजवर ताप अंगावर काढणारे लोक तपासायला येऊ लागले.

आप्पाने पेन्सिल आपटली. "हे मला कुठून कळणार? दवाखाना उघडल्याचं वर लिहिलंय का?"

"वर नाही, खाली लिहिलंय. पर्याय वाचायचे असतात, आप्पा."

असं तीन महिने चाललं. कधी तो एकाच विधानाचं कारण सांगणारा पर्याय निवडायचा, कधी विसंगती आणखी वाढवणारा. एकदा वही तिथेच टाकून चहा न घेता निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आला. ताईने वही पुढे सरकवली. हळूहळू दहातले तीन बरोबर यायचे ते सात येऊ लागले.

परीक्षेत तसे सहा प्रश्न आले. पाचवा वाचून तो जागच्या जागी ताठ झाला. बसचा कमाल वेग कमी केला, तरी वेळेवर पोचणाऱ्या फेऱ्या वाढल्या. अ: वेग कमी झाल्याने अपघात घटले आणि फेऱ्या रखडणं थांबलं. ब: त्याच दिवसापासून प्रत्येक फेरीला वेळापत्रकात दहा मिनिटं वाढवून दिली. क आणि ड फालतू होते.

त्याने स्वतःला बजावलं, डेपो विसर. दोन्ही विधानं खरी धरून प्रत्येक पर्याय लावून पाहिला. अ बसत होता. ब तर चपखल बसत होता. त्याने ब निवडला.

उत्तरसूचीत अ होता. निकालात आप्पा एका गुणाने राहिला.

"एका गुणाने!" तो ताईच्या दारातच ओरडला. "तुझी रीत वापरली आणि राहिलो!"

ताईने प्रश्न दोनदा वाचला. "ब चूक असूच शकत नाही," ती म्हणाली. "हरकत घे."

त्याने पानभर हरकत लिहिली. बावीस दिवसांनी खात्याचं पत्र आलं: हरकत मान्य. अ आणि ब दोन्ही उत्तरं ग्राह्य. आप्पाने पत्र डेपोभर मिरवलं, ड्रायव्हरांनी पाठ थोपटली, ती दुखत असूनही त्याने थोपटू दिली.

चार दिवसांनी सुधारित यादी लागली. तिच्यात आप्पा नव्हताच. जागा बाराच होत्या. तो गुण त्याला मिळाला होता, पण ब निवडणाऱ्या सगळ्यांनाच मिळाला होता. आणि ब निवडणारे बहुतेक त्याच्यासारखेच जुने ड्रायव्हर होते. निवडीची रेषा एका गुणाने वर सरकली होती. आप्पा पुन्हा एकानेच खाली.

यादीखाली उभा असलेला दुसऱ्या डेपोचा ड्रायव्हर त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "आधी रेषेवर असूनही बरोबरीत मागे पडलो होतो. तुमच्यामुळे लागलो हो, आप्पा!" आप्पाला ना रागावता आलं, ना हसता.

संध्याकाळी ताई कधी नव्हे ती भडकली. "वरच्या साहेबांकडे जाऊ! तुझं बरोबर होतं ना?"

"होतं."

"मग?"

"मग काय? ब निवडणाऱ्या बाकीच्यांचंही बरोबरच होतं." तो खुर्चीत बसला, पाठीला उशी लावली. "उद्या हलक्या कामासाठी अर्ज देतोय. चौकशीची खिडकी रिकामी आहे म्हणतात. पगार तोच राहील की नाही, ठाऊक नाही."

"आप्पा, अरे पण..."

"पुरे ना, ताई. आज एकही प्रश्न विचारू नकोस मला."

ताईने उठून दिवा लावला आणि तो नको नको म्हणत असताना त्याच्या ताटात भाजी वाढली.