घोट्यावरची साडी

दुपारी जेवून आडवी झाले की मी अजूनही शाळेत जाते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आता डोंबिवलीत पाचव्या मजल्यावर एकटीच राहते, पण डोळा लागायचा अवकाश, की ठाण्याच्या कोपरीतली आमची कन्याशाळा सुरू. कुणीतरी खिडकी उघडतं, खाडीवरचा खारट वारा वर्गात शिरतो आणि घट्ट बांधलेल्या वेण्यांच्या खोबरेल तेलाचा वास नाकात भरतो. मुलींच्या शाळेला स्वतःचा एक आवाज असतो. गोंगाट नव्हे, एक सततची गुणगुण. मी खडू उचलते आणि सगळ्या एकदम गप्प होतात. खऱ्या शाळेत त्या कधीच गप्प झाल्या नाहीत, पण स्वप्न माझं आहे.

स्वप्नातली माझी सगळ्यात लाडकी खोली म्हणजे चित्रकलेचा वर्ग, तोही निरोप समारंभाच्या दिवसाचा. आमच्याकडे रीतच होती, त्या दिवशी दहावीच्या मुलींनी बाईंच्या साड्या नेसायच्या. निम्म्या मुलींच्या आया वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला. सकाळची पाळी गाठणाऱ्या त्या बायका मुलींना साड्या कधी नेसवणार? मग आम्हीच घरून साड्यांची बोचकी आणायचो आणि दाराला कडी लावून एकेकीला उभी करायचो. मी दातांत सेफ्टी पिना धरून ओरडायचे, "पोट आत! श्वास नंतर घे!" साडी मात्र घोट्याच्या चांगली वर. कारण ह्या बयांना साडी नेसली की हमखास लंगडी खेळायचं सुचायचं, आणि एकदा दोघी निऱ्यांत पाय अडकून चांगल्या तोंडावर आपटल्या होत्या. नेसून झाल्यावर सगळ्या मैदानात निघाल्या की मला भरून यायचं. साड्या आमच्याच, पण त्यांच्या अंगावर आम्हालाच ओळखू यायच्या नाहीत.

परवा अशीच झोपेत कुणाच्या तरी निऱ्या घालत होते, तेवढ्यात घंटा झाली. मधली सुट्टी म्हणून मी पिना खाली ठेवल्या. मग कळलं, दाराची बेल वाजतेय.

दारात मृणाल उभी. माझ्याच वर्गात शिकलेली, आता चाळिशी ओलांडलेली. तिचा नवरा जाऊन काही वर्षं झाली हे मला ठाऊक होतं. अधूनमधून फोन करायची.

"बाई, उद्या मी लग्न करतेय," ती म्हणाली, आणि सोफ्यावर बसून रडायला लागली.

"माणूस बरा नाही का?"

"नाही हो, रत्नदीप खूप चांगलाय. कल्याणला असतो. माझ्याच ऑफिसात आहे."

"मग रडतेस कशाला?"

"दादाला सांगायला गेलेले. तो म्हणतो, या वयात लग्न म्हणजे लोक तोंडावर हसतील. केलंस तर माहेर संपलं म्हणून समज." तिने नाक पुसलं. "आई-बाबा तर नाहीतच. उद्या माझ्या बाजूने कोणीच नाही, बाई. साक्षीदारसुद्धा सगळे रत्नदीपच्या घरचे. असं एकटीने जायचं तर नकोच ते. कॅन्सल करते मी."

तिच्या दादाला, प्रफुल्लला, मी चांगली ओळखत होते. पावसाळ्यात बहिणीला न्यायला यायचा, तेव्हा छत्री तिच्यावर आणि स्वतः भिजलेला. म्हणून तर त्याचा जास्त राग आला.

"लोकांचं हसू ऐकू येतं, बहिणीचं रडू नाही येत का त्याला?" मी कडाडले. "पूस डोळे. उद्या सकाळी साडी घेऊन इथे ये. मी नेसवते. कॅन्सलचं मग बघू."

सकाळी ती आली. रत्नदीप खाली गाडीत थांबला होता. मी सवयीने बेडरूमच्या दाराला आतून कडी लावली, पिना दातांत धरल्या आणि साडीचा पहिला वेढा दिला. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. हात आपोआप चालू लागले आणि मी पुन्हा तिथे पोचले. पलीकडे मैदान, मागे रांगेत उभ्या पोरी, ती गुणगुण.

"पोट आत," मी म्हणाले. मृणालने निमूटपणे पोट आत घेतलं.

पदर लावून मी मागे सरले आणि कपाळावर हात मारला. जरीची साडी घोट्याच्या वीतभर वर! नवरी लंगडी खेळायला निघाली होती.

"अगं बाई गं! थांब, सोडते. पुन्हा नेसवते."

मृणालने आरशात पाहिलं. आधी ओठ दाबले, मग खदखदून हसत सुटली. दहावीतल्यासारखी, आवाज चढवून.

"राहू दे बाई. अशीच येते मी."

"लोक हसतील."

"हसू देत ना," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

ठाण्याच्या विवाह नोंदणीच्या ऑफिसात आम्ही बाकावर बसलो. आमचं नाव पुकारलं तेव्हा माझा डोळा लागला होता. टेबलाशी पोचलो तर कारकुनाने विचारलं, "मुलीकडून कोण?"

मृणालने दाराकडे बघितलं. प्रफुल्ल आला नव्हता. रत्नदीपची बहीण घाईने म्हणाली, "आमच्यातलंच कोणीतरी करेल ना सही." मृणालने हातातलं पेन टेबलावर ठेवून दिलं.

"मी आहे मुलीकडून," मी म्हणाले.

"नातं?"

"बाई आहे मी तिची."

कारकुनाने 'शिक्षिका' लिहून घेतलं. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. मी सही केली. आयुष्यभर एकेक मुलगी शाळेच्या फाटकापर्यंत पोचवली आणि माघारी फिरले. पुढे त्यांचं काय होतं ते बघायची माझी कधी पाळीच आली नव्हती. मृणालने पेन उचललं आणि माझ्या सहीखाली, वर्गात लिहायची तशी, मान तिरकी करून सही केली.

बाहेर पेढे वाटून झाले. रत्नदीपने गाडीचं दार उघडून धरलं, पण ती परत माझ्याकडे आली.

"बाई, रविवारी आम्ही तुमच्याकडे येऊ का? चालेल तुम्हाला?"

तिची ती अदबीची, परक्या घरी विचारावी तशी विचारणा ऐकून मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

"माहेरी यायला विचारतात का गं, मूर्ख?"