व्हाल्सिन काकाचं थडगं

चुन्याचा हात तिसऱ्यांदा तपकिरी पडला, तेव्हा एर्मीन व्हेरेने कुंचला बादलीत टाकला आणि ती शेजारच्या थडग्याच्या कट्ट्यावर बसली.

सर्व संतांच्या सणाची आदली सकाळ. सेंत ओदीलच्या स्मशानात अर्धं गाव बादल्या, झाडू आणि शेवंतीच्या कुंड्या घेऊन उतरलं होतं. विटांची थडगी एकेक करून पांढरीशुभ्र होत होती. फक्त व्हाल्सिन व्हेरेचं थडगं चुना लावला की घटकाभरात पायथ्याकडून ओलं व्हायचं आणि खालून वर तपकिरी ओघळ चढायचे. काल ठेवलेली शेवंती आज काळी पडली होती.

"तुझ्या चुलतसासऱ्याची तहान अजून भागली नाही गं," पलीकडून ओक्ताव्ही ओरडली. "बिअर ठेवलीस का?"

"ठेवली."

"एकच? अगं, माणूस केवढा पिणारा! दुसरी ठेव. रात्री कसा गुरगुरतो, ऐकलंस ना?"

बायका हसल्या. गुरगुरणं सगळ्यांनीच ऐकलं होतं. उन्हाळ्यापासून स्मशानावरून जाणारी मुलं तिथे आली की पळत सुटत. गावाला भुताचं वावडं नव्हतं. भूत नोकऱ्या घालवत नाही, सरकारी माणसं आणत नाही, आणि एका बाटलीत गप्प बसतं.

एर्मीन मात्र हसली नाही. व्हाल्सिन व्हेरे कधी प्यायला नव्हता, कारण व्हाल्सिन व्हेरे कधी जन्मलाच नव्हता.

तिचा सासरा ओनेझिम याने तरुणपणी, भुकेच्या दिवसांत, चर्चच्या जमिनीच्या कडेला, स्मशानाला लागून, तेलासाठी चोरून बोअर मारली होती. तेल लागलं नाही, खारं पाणी लागलं. पाइप उपसून निघेना, सिमेंटने बुजवायचा तर चोरी उघडी पडणार. तेव्हा ओनेझिमने त्याच्या तोंडावर विटांचं थडगं बांधलं आणि त्यावर एका न झालेल्या भावाचं नाव कोरलं. त्या वेळच्या फादरने प्रार्थना म्हटली. ओनेझिम रडला म्हणतात, चांगला रडला. पुढे हे गुपित या घरात कुळाचारासारखं चालत आलं. सासूने ते सुनेला सांगायचं आणि सुनेने दर वर्षी चुना लावायचा. पुरुषांना सांगायची पद्धत नव्हती. एर्मीनचा मुलगा क्लोव्हिस लहानपणी, सगळं घर ज्याला काका म्हणे त्या या चुलत आजोबासाठी गुडघे टेकून प्रार्थना करायचा.

आता क्लोव्हिस मैलभरावरच्या कंपनीत कामाला होता. तिथे कारखान्याचं विषारी सांडपाणी पोलादी नळीतून जमिनीखाली, पिण्याच्या पाण्याच्या कितीतरी थर खाली, खडकात दाबून सोडतात. सांडपाण्याची ही विहीर चोख होती, हे सांगितलंच पाहिजे. नळीभोवती दुसरी नळी, दोहोंमध्ये दाबाखालचं मिठाचं पाणी. दाब जरा घसरला की पंप आपोआप बंद. क्लोव्हिस दाब दाखवणाऱ्या काट्याकडे असा बघायचा, जसा कोणी तान्ह्या मुलाच्या श्वासाकडे बघतो. एकच अट होती. आसपासची प्रत्येक जुनी बोअर शोधून सिमेंटने बुजवलेली हवी. नाहीतर खाली दाबलेलं पाणी त्या उघड्या भोकातून वर चढतं आणि पिण्याच्या पाण्यात मिसळतं.

परवान्यापूर्वी कंपनीची भूगर्भतज्ज्ञ, प्रुइटबाई, घरोघर फिरली होती. गावाने एका सुरात सांगितलं, इथे बोअर नाहीत. बाईंना स्मशानातही पुरलेले पाइप शोधणारं यंत्र फिरवायचं होतं. तेव्हा मृतांच्या शांततेसाठी अख्ख्या गावाने सह्या करून ते अडवलं. इतकी एकी गावाने पुराच्या वेळीही दाखवली नव्हती.

एर्मीन घरी आली. सून डेल्फीन ओट्याशी उभी होती, सातवा महिना. नळाचं पाणी ग्लासात घेऊन तिने तोंडाला लावलं आणि नाक मुरडलं.

"आई, पाण्याला कसला वास येतोय का हो? मला हल्ली सगळ्यालाच येतो म्हणा."

एर्मीनने ग्लास घेऊन हुंगला. गोडसर, जळक्या रबरासारखा. हाच वास सकाळपासून तिच्या कुंचल्याला होता.

तिने पाणी मोरीत ओतलं. "हे पिऊ नकोस. भांडी घासायलासुद्धा नको."

क्लोव्हिस कामावरून आला, तेव्हा तिने त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"म्हणजे मी ज्याच्यासाठी मेणबत्त्या लावल्या तो..."

"पाइप."

"आई, मी कंपनीला लिहून दिलंय की इथे बोअर नाही. विहीर बंद झाली तर निम्मं गाव घरी बसेल. लोक मला सोडतील? तुला सोडतील?"

"आणि डेल्फीन काय पिईल?"

"बाटल्या आणू."

"गावाला पण बाटल्या आणशील? आजवर मी गप्प राहिले ती या घराच्या नावासाठी. ते नाव पोटातल्या पोराला पाजायचं का?"

क्लोव्हिस टोपी उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फादर ग्युड्री पवित्र पाणी शिंपडत थडग्यांच्या रांगेतून निघाले. मागे सगळं गाव, ठेवणीतल्या कपड्यांत. प्रत्येक घर आपापल्या माणसांजवळ उभं. फादर व्हाल्सिनपाशी आले, त्यांनी हात उचलला, आणि एर्मीन मध्ये उभी राहिली.

"इथे नको, फादर."

"काय झालं?"

"इथे कोणी नाही. खाली बोअर आहे, माझ्या सासऱ्याची. कंपनीचं पाणी इथून वर येतंय आणि आपल्या नळांत उतरतंय."

"म्हातारीचं डोकं फिरलं," मागून कोणी म्हणालं. "क्लोव्हिस, घरी ने आईला."

क्लोव्हिस पुढे आला. आईचा हात धरायला येतोय असं सगळ्यांना वाटलं. त्याने खिशातून फोन काढला.

"क्लोव्हिस बोलतोय. पंप बंद कर... नाही, काटा बरोबर आहे. जुनी बोअर सापडली. हो, माझ्या नावावर लिही. आणि प्रुइटबाईंना बोलाव."

त्यानंतर एवढी शांतता पसरली, की विटांच्या आतलं गुरगुरणं भर दुपारी ऐकू येऊ लागलं. कोणी शिवी दिली नाही. कोणी घरीही गेलं नाही. मग रांगेच्या टोकाकडून म्हाताऱ्या एल्मोरचा आवाज आला, खोकल्यातून.

"फादर... आमच्या सेराफीन मावशीलाही नको."

फादरचा हात खाली आला. माणसं जिथे टेकून उभी होती, त्या थडग्यांपासून पाऊलभर सरकली. काहींनी नुकत्याच ठेवलेल्या फुलांकडे पाहिलं, जणू ती कोणासाठी आणली हे विसरायला झालं होतं.

ओक्ताव्ही एर्मीनजवळ आली. तिचा चेहरा तिच्या मागच्या भिंतींसारखा पांढरा झाला होता. तिने एर्मीनची बाही पकडली.

"माझी सासू अचानक गेली गं. मला काही सांगायचं राहूनच गेलं तिचं," ती पुटपुटली. "आमची पाच थडगी आहेत इथे. त्यातली खरी कोणती?"