पाचावर सुरू झालेली मोटर

"रंजिता, हे साठचं करून दे. मालू म्हणते, तुमाले चाळीस पुरत नाहीत."

लीलाधरकाकांनी डबा काउंटरवर ठेवला. डबा माझ्याच हातचा. लाईट आली की चाळीस सेकंद थांबायचं आणि मग मोटर सुरू करायची, एवढंच त्याचं काम. चैत्रात डबा नवा बसवला त्याच दिवशी काका जैनाबादच्या विहिरीवर मोटरचा निसटलेला पट्टा चढवत होते, तेवढ्यात लाईट आली. आधी मेन स्विच पाडायला हवा होता, पण चाळीस आहेत ना, म्हणून त्यांनी मोजायला घेतलं. पाच म्हटलं आणि मोटर सुरू झाली. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात ते ज्याला त्याला सांगत होते की मी पाचच मोजले. लोक हसले. काका मोजता मोजता डुलकी काढतात, अशी थट्टा सुरू झाली. त्यांच्या बायको मालूबाईही तेच म्हणायला लागल्या. हळूहळू काकांनी पाचाचं नावच टाकलं.

मला मात्र त्या पाचाने पछाडलं. कुकरच्या शिट्ट्या मोजताना, जिना चढताना पाच आलं की मी तिथेच थांबते.

कारण मला माहीत होतं. डब्यातली चिप सेकंदाला ऐंशी लाख ठोके टाकते. प्रोग्राममध्ये तो वेग एका ओळीत लिहावा लागतो, नाहीतर कॉम्प्युटर आपल्या मनाने दहा लाख धरून चालतो. नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा ती ओळ जुन्यातच राहिली. तो बिचारा दरवेळी पिवळ्या अक्षरांत बजावत होता की वेग सांगितलेला नाही. पिवळंच आहे, लाल थोडंच आहे, म्हणत मी पुढे गेले. घड्याळ लावून तपासायचीही अक्कल झाली नाही मला. आठपट घाई झाली. चाळीसाचे पाच झाले.

अपघातानंतर आठ दिवसांनी मी ती ओळ लिहिली, इशारा गेला. विकलेले बाकीचे सहा डबे 'नवीन मॉडेल आलंय' अशी थाप मारून बदलून दिले. काकांचा डबा अपघातानंतर काढूनच ठेवला होता, पण त्यांच्या घरी जायला पाय उचलला नाही.

आज चिपमध्ये साठ भरले. घड्याळ लावून पाहिलं, बरोबर साठ. डबा हातात देऊन मोकळी होऊ शकत होते, कोणाला कळणार होतं?

"साठ झाले ना, बेटा?" काकांनी विचारलं. "आता माह्यासारख्या सुस्त मानसाले बी पुरतील."

ते ऐकवलं नाही मला.

"काका, तुम्ही बरोबर मोजलं होतं. तो डबा पाचावरच सुरू झाला. चूक माझी होती." मग चैत्रापासूनचं सगळं सांगितलं, थापेसकट.

ते ओरडतील म्हणून मी मान खाली घालून थांबले. त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

"मालूले सांग. मले तं माहीत होतं," ते म्हणाले. "मधी इसरलो होतो."

पलीकडे रिंग वाजत होती. खुर्ची रिकामी होती, तरी काका उभेच होते.