बुटातून निघालेली खुर्ची

ब्रिटनमधल्या कार्डिफच्या एका भाषाशाळेत दर उन्हाळ्यात चीनमधून शाळकरी मुलं इंग्रजी शिकायला येतात. आल्या आल्या त्यांची परीक्षा होते, थोडी व्याकरणाची, थोडी वाचनाची, आणि गुणांवरून वर्ग ठरतात. यंदा पेपर तपासायला उल्का होती. मूळची पुण्याची, पण आता कार्डिफमध्ये चांगली मुरलेली शिक्षिका.

व्याकरणात मुलं पक्की निघाली. वाचनात मात्र आपटली. एका उताऱ्याखाली तर जवळजवळ सगळ्यांनी एकच चुकीचं उत्तर निवडलं होतं.

"कॉपी," शाळेचा प्रमुख गॅरेथ म्हणाला. "सगळ्यांची चूक एकच कशी होईल? मी त्यांच्या शाळेला ईमेल करतो."

"ईमेल परत घेता येत नाही, गॅरेथ. दुपारपर्यंत थांब."

"आणि ही युटोंग? हिने तर अख्खा उतारा कोरा सोडलाय. हिला सगळ्यात खालच्या वर्गात टाक."

उल्काने उतारा पुन्हा वाचला आणि तिला हसूच फुटलं. उतारा होता कार बूट सेलचा. रविवारी लोक मैदानात गाड्या लावतात, बूट उघडतात आणि घरातलं नको असलेलं सामान विकतात. लोक तिथे का जातात, या प्रश्नाला मुलांनी उत्तर दिलं होतं: पादत्राणं घ्यायला.

"आमच्याकडे बूट म्हणजे पायात घालायचे," ती गॅरेथला म्हणाली. "गाडीच्या त्या भागाला आम्ही डिकी म्हणतो. मी इथे नवी होते तेव्हा शेजारीण मला अशा सेलला घेऊन गेली होती. मी पावसाळी बूट घ्यायचे ठरवून गेले आणि टेबल लॅम्प घेऊन आले. ही मुलंही बूटचा तोच अर्थ शिकलेली असणार. त्यांनी एकमेकांचं बघितलेलं नाही."

"हा तुझा अंदाज झाला."

"हो. म्हणून तपासून बघू."

ती वर्गात गेली. खिडकीपाशी बसलेल्या युटोंगजवळ खुर्ची ओढून तिने कोरा पेपर पुढे ठेवला. "हे का सोडलंस? मी रागावलेले नाही."

 पंधरा वर्षांच्या त्या मुलीने एका ओळीवर बोट ठेवलं. "टीचर, इथे लिहिलंय, लोक बूट उघडतात आणि आतून खुर्च्या काढतात. बुटात खुर्ची मावत नाही. म्हणजे या शब्दाचा अर्थ दुसरा आहे, आणि तो मला माहीत नाही. उगाच कशाला लिहायचं?"

उल्काच्या आता लक्षात आलं. बाकीच्यांनी ठोकून दिलं होतं. नीट वाचलं होतं ते हिने, आणि परीक्षेने हिलाच शून्य दिलं होतं.

त्याच दुपारी उल्काने नवा उतारा लिहिला. आजोबांचं हरवलेलं श्रवणयंत्र शोधणाऱ्या एका नातीची गोष्ट. वाक्यं तितकीच अवघड, पण इथे वाढल्याशिवाय कळणार नाही असा एकही शब्द नाही. या वेळी तिने मुलांना लांब लांब बसवलं आणि गॅरेथला स्वतः देखरेखीला उभं केलं.

बहुतेकांचे गुण चांगलेच वाढले. दोघांचे मात्र वाढले नाहीत. त्यांना वाचन खरंच जड जात होतं, आणि उल्काने त्यांना खालच्या वर्गात घातलं. युटोंगचं एकही उत्तर चुकलं नाही.

गॅरेथने पेपर स्वतः पडताळले. मग लिहून ठेवलेला ईमेल उल्कासमोरच काढून टाकला. "मी घाई केली," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीचा पेपर तू काढशील?"

"काढेन. पण तो आधी बाहेरून आलेल्या मुलांना वाचायला देईन. त्यांना काय कळलं ते ऐकेन, मगच छापायचा."

"कबूल."

सोमवारी युटोंग वरच्या वर्गात आली. पहिल्याच तासाला तिने हात वर केला. "टीचर, या धड्यातला चौथा प्रश्न चुकीचा आहे."

"कसा, ते समजावून सांग," उल्का म्हणाली आणि फळ्याजवळची जागा तिला मोकळी करून दिली.